कुसाबाईची खुर्ची

पेठ नाक्याच्या मागच्या अंगाला एक पत्र्याची शेड होती. आत अकरा शिलाई मशिनी, कापड कापायचं एक लांब टेबल आणि एक लोखंडी खुर्ची. खुर्ची कुणाला बसायला म्हणून घेतलीच नव्हती. संस्था रजिस्टर करताना कारकून म्हणाला, अध्यक्षांना खुर्ची लागते, म्हणून घेतली. एरवी तिच्यावर कापडाचे तागे बसायचे.

संस्था बायकांची. एकोणीस जणी. सगळ्या मळेकऱ्यांच्या घरातल्या, पहाटे फुलं आणि भाजी बाजारात पोचवून दहाच्या ठोक्याला शेडमध्ये येणाऱ्या. अध्यक्ष कुसाबाई. सातवी शिकलेली, नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, तोंडानं तिखट. पण या एकोणीस जणींना टेप धरण्यापासून शिकवलं ते तिच्या थोरल्या दिरानं, देवरामनं. देवळाली कॅम्पात एका शिंप्याच्या दुकानात तीस वर्षं त्यानं फौजी साहेबांचे युनिफॉर्म कापले होते. गुडघे गेले तसं दुकान सुटलं. मग रोज देवळालीहून बसनं यायचा, आपली दहा इंची कात्री पिशवीत घालून. एक रुपया घेत नव्हता. चहासुद्धा दोन वेळा सांगितल्यावर.

"पोरगी वाढती," तो सांगायचा. "फ्रॉकच्या खाली दोन बोटं कापड आत दुमडून ठेवा. पुढल्या साली टीप उसवली की फ्रॉक वाढतो. आईला नवा घ्यावा लागत नाय."

सत्त्याण्णव साली आश्रमशाळांच्या मुलींचे फ्रॉक शिवायचं सरकारी काम निघालं. चार हजार फ्रॉक. अशा कामात मोठा कारखानदार नेहमी कमी भाव टाकतो, कारण त्याचं कापड गाठींनी येतं आणि गरिबाचं ताग्यानं. म्हणून सरकारनं नियम केला होता. संस्था लहान असेल, बायकांची असेल आणि बायकाच ती चालवत असतील, तर तिचा भाव पंधरा टक्क्यांपर्यंत जास्त असला तरी काम तिलाच द्यायचं. नियम चांगला होता. कागदावर ते चांगलेच असतात. फक्त त्या सवलतीसाठी पात्रतेचा दाखला लागायचा, आणि दाखल्याआधी तपासणी. दाखला मिळाला तर शेड वर्षभर चालणार होती. नाही मिळाला तर दिवाळीनंतर कुलूप, आणि एकोणीस जणी पुन्हा दुसऱ्याच्या मळ्यात खुरपायला.

तपासणीच्या दिवशी सगळ्या ठेवणीतली लुगडी नेसून आल्या. साहेबांसाठी शेजारच्या देवळातून घडीची खुर्ची आणली. देवराम नारळ घेऊन आला आणि टेबलाला टेकून उभा राहिला. गुडघ्यावर हात.

कुसाबाईनं लोखंडी खुर्चीवरचे तागे काढले, पदरानं ती पुसली आणि म्हणाली, "दादा, बसा."

"अगं ती तुझी खुर्ची हाय."

"मी बसू आन तुम्ही उभे? लाज वाटंल मला. बसा गपचूप."

"साहेब येतील आत्ता."

"येऊ द्या की. साहेबाच्या घरी काय थोरली माणसं नाहीत का?"

थोरल्या दिरासमोर ती जन्मात कधी खुर्चीत बसली नव्हती. लग्नातसुद्धा त्याच्यासमोर पाटावर बसताना तिनं अंग चोरलं होतं. देवराम खुर्चीच्या कडेवर टेकला. कुसाबाई डोक्यावर पदर घेऊन त्याच्या मागं उभी राहिली.

साहेब तरुण होते. वही उघडून त्यांनी खुर्चीतल्या माणसालाच विचारलं, "अध्यक्ष कोण?"

"ही," देवरामनं मागं बोट केलं.

"आणि आपण?"

देवराम काही बोलायच्या आत गोजराबाई पुढं आली. एकोणीस जणींत सगळ्यात मोठी, सगळ्यात मोठ्या आवाजाची, मनानं सगळ्यात साधी. दादांचं कौतुक करायची अशी संधी तिला सोडवेना.

"हे दादा आमचे! दादांशिवाय आमचं पान हालत नाय साहेब. सगळं दादाच बघतात."

बायका हसल्या. साहेबही हसले. हसत हसत त्यांनी ते लिहून घेतलं.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. कुसाबाईनं उभ्या उभ्या वाचलं. 'सदर संस्था नावापुरती महिलांची असून प्रत्यक्ष कारभार श्री. देवराम नावाचे गृहस्थ पाहतात. सबब भाव-सवलतीस अपात्र.'

त्याच आठवड्यात खंडेराव ठेकेदाराच्या बायकोच्या, मनीषाबाईंच्या संस्थेला दाखला मिळाला. त्या संस्थेत शिवणारी एकही बाई नव्हती. मशिनी एका दिवसापुरत्या दुकानातून आणलेल्या, पायांना बांधलेली सुतळी तशीच होती म्हणे. पण मनीषाबाई खुर्चीत पायावर पाय टाकून बसल्या होत्या, पाठ केलेलं घडाघडा बोलल्या होत्या, आणि खंडेराव बाहेर ड्रायव्हरसारखा किल्ली फिरवत उभा होता. ज्याला सरकार लुबाडायचं होतं त्याला खुर्चीत कोणाला बसवायचं ते नेमकं माहीत होतं. ज्यांना नुसतं काम करायचं होतं त्यांनी थोरल्या माणसाला मान दिला आणि नापास झाल्या.

गोजराबाई दोन दिवस रडली. "माझी जीभ झडू दे," म्हणाली.

"तुझी कशाला?" कुसाबाई म्हणाली. "बसा म्हणून मीच म्हणाले होते."

अपिलाला तीस दिवस होते. ते देवरामनंच सुचवलं. अर्ज लिहून झाल्यावर त्यानं चष्मा पुसला आणि म्हणाला, "आता मी येत नाय. मी शेडमध्ये दिसलो की कागद खोटा ठरतो."

"दादा, असं कसं?"

"कसं म्हंजे? एकोणीस घरं हायेत. माझा एक चहा वाचंल तुमचा." जाताना त्यानं कात्री टेबलावर ठेवली. "ही राहू दे. हिच्याशिवाय चार पदरी कापड कापलं जायचं नाय."

दुसऱ्या तपासणीच्या आदल्या दिवशी घोळ झाला. गोजराबाईनं त्या कात्रीनं खोक्याचा पुठ्ठा कापला आणि धार गेली. कापड दाताखाली धरल्यासारखं चावायला लागली. उद्या तपासायला येणारं माणूस म्हणणार, कापून दाखवा. देवरामला निरोप गेला. तो संध्याकाळी रस्त्यावरूनच कात्री घेऊन गेला. "बाराला येणार ना ते? दहाच्या आत आणून ठेवतो आन निघतो."

सरकार जन्मात एकदा वेळेआधी आलं असेल तर ते दुसऱ्या दिवशी. साडेनवाला जीप दारात. बरं की सगळ्या जणी त्या दिवशी नऊलाच आल्या होत्या. या खेपेला बाई अधिकारी होत्या. प्रतिभा मॅडम.

कुसाबाई खुर्चीत बसली. पाठ ताठ, पदर खांद्यावर. सगळ्या आदल्या दिवसापासून तिला बजावत होत्या, डोक्यावर घेऊ नको.

मॅडमनी एक फ्रॉक उलटा करून बघितला. "खाली एवढी दुमड कशाला? कापड वाया नाही जात?"

"पोरगी वाढते, मॅडम. पुढल्या साली टीप उसवली की झालं."

"अरे वा. कुणी शिकवलं?"

"आमचं आम्हीच."

मॅडमनी आधीचा अहवाल काढला. "देवराम म्हणून कोणी होते."

"माझे थोरले दीर. आता येत नाहीत ते."

"नक्की ना? कारण या वेळेला चुकलं तर पुन्हा अपील नाही."

मॅडमचं पेन कागदावर टेकलं, आणि दारात सावली पडली. देवराम उभा होता. एका हातानं चौकट धरलेली, बसथांब्यापासून घाईनं चालल्यामुळं धापा टाकत, वर्तमानपत्रात गुंडाळलेली कात्री छातीशी. ड्रायव्हरनं जीप मागच्या सावलीला नेऊन लावली होती, ती त्याला दिसलीच नव्हती.

मशिनी थांबल्या.

"हे कोण?" मॅडमनी विचारलं.

आठ महिन्यांचा महेश पोटात असताना नवरा गेला तेव्हा तिला उचलून दवाखान्यात नेणारा हाच. महेशचं नाव शाळेत यानंच घातलं. आज बाकीच्या अठरा जणी तिच्या तोंडाकडं बघत होत्या.

"धारवाला आहे," कुसाबाई खुर्चीतून म्हणाली. "कात्रीला धार लावून आणलीय त्यानं."

'आहेत' नाही. 'आहे'. जन्मात पहिल्यांदा ती त्याच्याबद्दल एकेरीत बोलली.

देवरामचे खांदे असे काही खाली आले की खरंच गल्लोगल्ली चाक घेऊन फिरणारा माणूस वाटावा. पुढं येऊन त्यानं कात्री टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवली, दोन पावलं मागं सरकला आणि नजर खाली ठेवून म्हणाला, "बघून घ्या बाई. चांगली धार लावलीया."

मॅडम बघत होत्या. फुकट धार कुणी लावत नाही. कुसाबाईनं डबा उघडला आणि पाच रुपयांची नोट पुढं केली. बसल्या बसल्या. देवरामनं दोन्ही हातांनी ती घेतली, कपाळाला लावली.

"येतो बाई," म्हणाला आणि गेला. उन्हात त्याचा लंगडा पाय बराच वेळ दिसत राहिला. कुसाबाईला तिकडं बघता आलं नाही, कारण मॅडम म्हणत होत्या, "हं, आता कापून दाखवा." तिनं चार पदरी कापड कापलं. कात्री लोण्यातून जावी तशी गेली.

दाखला आला. कुसाबाई पेढे घेऊन देवळालीला गेली. डोक्यावर पदर, जमिनीवर बसली, पेढ्यांचा पुडा आणि दाखला त्याच्यापुढं सरकवला.

देवराम दाखला उजेडात धरून सगळा वाचून काढत म्हणाला, "झ्याक काम केलंस. मला वाटलं रडतीस का काय तिथं. आन त्या पाच रुपयात माझं बसभाडं निघालं."

तो हसला. तिला हसता आलं नाही.

"दादा, आता या परत. दाखला आलाय."

"वेडी का काय? तपासणीवाले केव्हाबी येतात. तुमच्या शेडमध्ये धारवाल्याचं काय काम? कात्री बोथट झाली की पाठवत जा."

त्यानंतर दर दोन महिन्यांनी कात्री वर्तमानपत्रात गुंडाळून देवळालीला जायची आणि धार लावून परत यायची. तो मात्र आला नाही. सहा वर्षं. चार हजारांचे नऊ हजार फ्रॉक झाले, शेडला विटांच्या भिंती आल्या, नव्या मशिनी आल्या. गणपतीत सगळ्या जणी आग्रह करायच्या आणि तो म्हणायचा, गुडघे दुखतात. दोन हजार तीन सालच्या पौषात तो गेला. त्याच्या उशाखाली पाच रुपयांची नोट सापडली, घडी न मोडलेली. बसभाडं त्यानं पदरचंच दिलं होतं.

दाखला तीन वर्षांनी नवा करावा लागतो. फॉर्म कुसाबाईच भरते. अकरावा प्रश्न असा आहे: संस्थेच्या कामात सध्या किंवा पूर्वी कोणा पुरुषाचा सहभाग आहे किंवा होता काय?

पहिले दहा प्रश्न ती खुर्चीत बसून लिहिते. अकराव्याला उठते. डोक्यावर पदर घेते, खुर्ची पुसून जराशी मागं ओढते, कुणी गुडघेदुखीचं माणूस टेकणार असल्यासारखी. मग तिच्या शेजारी उभी राहून, टेबलावर वाकून, लिहिते: नाही.