हनियाच्या लग्नातला दरबुका

दरना शहरात मब्रूकेने आपला दरबुका, मांडीवर घेऊन वाजवायचा मातीचा ढोल, वाजवल्याशिवाय लग्न लागलं असं कुणी मानत नसे. हुकूमशहाविरुद्धच्या क्रांतीच्या दिवसांत तर ती गच्चीवर उभी राहून लढायला निघालेल्या पोरांसाठी वाजवायची. त्या पोरांतलाच एक मिफ्ताह. हुकूमशहा गेला, दोन वर्षं लोटली, आणि मिफ्ताहच्या टोळीने धर्माचं नाव घेऊन गल्लोगल्ली बजावलं, लग्नात वाजवणं बंद.

"काल मिसरूड फुटलेली पोरं मला शिकवणार?" म्हणत मब्रूका शेजारच्या सालिमाच्या लेकीच्या, हनियाच्या लग्नाला गेलीच.

दुपारची वेळ. अंगणातल्या मांडवात सगळ्या बायकाच. दुसरं गाणं रंगात आलं, तोच मिफ्ताह दोन बंदूकवाल्यांना घेऊन थेट आत घुसला. बायकांनी किंचाळत डोक्यावर चादरी ओढल्या.

"मावशी, सांगितलं होतं ना?"

"बायकांच्या मांडवात शिरतोस? लाज नाही वाटत? तुझ्या सुंतेला मीच वाजवलं होतं, मेल्या. केवढं भोकाड पसरलं होतंस!"

एक पोरगी फिसकन हसली. मिफ्ताहचं डोकंच फिरलं. त्याने दरबुका फरशीवर आपटून फोडला, मब्रूकेचा उजवा हात पायाखाली दाबला आणि त्यावर बंदुकीचा दस्ता हाणला. पुन्हा हाणला. बोटं कडाकडा मोडली.

सालिमाने उकळत्या चहाची किटली त्याच्या तोंडावर ओतली. तो गुरासारखा ओरडला, आणि त्याच्या एका साथीदाराने गोळी झाडली. सालिमा गळा धरून लेकीच्या मांडीवर कोसळली.

मग बायका तुटून पडल्या. चपला, खुर्च्या, पितळी तबकं, हाताला लागेल ते. गोळी झाडणाऱ्याला हनियानेच खाली खेचलं. तो पुन्हा उठला नाही. मिफ्ताह आणि दुसरा धडपडत पळाले.

तिसऱ्या दिवशी टोळीने सालिमाचं घर सुरुंगाने उडवलं. तोवर तिला मूठमाती देऊन हनिया आणि तिचा नवरा तोब्रुकला निघून गेले होते. मब्रूका मात्र गेली नाही. डॉक्टरांनी तिची तीन बोटं कापली.

महिन्याने भाजलेल्या तोंडाचा मिफ्ताह तिच्या दारात आला. "मावशी, निघून जा. बाकीचे चिडलेत. मी त्यांना थांबवू शकणार नाही."

"तू कधी कुणाला थांबवलंस रे?"

तो वळून निघून गेला. दुसऱ्या सकाळी टोळीची गाडी आली आणि तिच्या दारा-खिडक्यांची गोळ्यांनी चाळण झाली. मब्रूका मागच्या खोलीत जमिनीला चिकटून पडली होती. जिवंत होती. गाडी लांब गेल्यावर ती उठली आणि डाव्या हाताने काचा झाडू लागली.