त्रिशलाचं एकाशन

प्रणितानं मोरीत लेकीचा शाळेचा डबा उघडला. दोन चपात्या आणि दोडक्याची भाजी, सकाळी भरली तशीच.

"अहो, आजबी खाल्लं न्हाय तिनं. दशलक्षण पर्वाचे उपास संपून आठवडा झाला."

पायगोंडानं मोबाईलवरून मान वर केली नाही. "एकाशन चाललंय तिचं. एकदाच जेवती. चालू दे की. दहावीतल्या पोरी आरशापुढनं हलत न्हाईत, आपली धर्म करती. नशीब लागतंय."

नशीब! पोरगी काल जिन्यात अंधारी येऊन बसली होती आणि बाप निपाणीभर मिरवत होता. जैनाच्या घरात धर्माचं नाव घेतलं की पुढं कोण बोलणार? रविवारी बस्तीत, जैन मंदिरात, तिचा सत्कार झाला, तेव्हा फोटोसाठी यानंच तिला मास्क काढायला लावला.

लॉकडाऊनमध्ये तिला नव्या शाळेत घातलं. वर्ग भरायचा तो बापाच्याच मोबाईलवर. दार लावून एकटी बसायची, पण दोन्ही वेळा जेवायची तरी. शाळा उघडली आणि अन्नच तुटलं. आता संध्याकाळी दिवस बुडायच्या आत खाईल तेवढंच.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत प्रणिता उप्पीट घेऊन शाळेत गेली. वर्गात पोरी मास्क हनुवटीवर ओढून जेवत होत्या. त्रिशला मागच्या बाकावर नाकापर्यंत मास्क लावून पुस्तकात बघत बसली होती. दारातली आई तिला दिसलीच नाही. शाल्मली नावाची तिच्या वर्गातली मुलगी बाहेर आली.

"काकू, ती आमच्यापुढं मास्क काढतच न्हाय. ऑनलाइनला पहिल्या दिवशी व्हिडिओ सुरू केलता तिनं. ओठावरची लव दिसली, तर पोरांनी लिहिलं, नवीन सर आले. लई हसले सगळे. परत तिनं व्हिडिओ लावलाच न्हाय."

"तू पण हसलीस?"

शाल्मलीनं हनुवटीवरचा मास्क नाकावर ओढला. प्रणिताला तिचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा आला. उप्पीट तसंच घेऊन ती परतली. आज रात्री नवऱ्याला सगळं सांगायचं, असं तिनं ठरवलं.

संध्याकाळी त्रिशला ताटावर बसली. तोंड उघडं, केस मोकळे. दोन घास तिनं भराभरा खाल्ले. प्रणिता तव्यावरची भाकरी उतरवणार, तोच पायगोंडा दुकानातून हसत आला.

"त्रिशला, सत्काराचा फोटो तुझ्या वर्गाच्या ग्रुपवर टाकला बघ दुपारी. किती जणांनी हसरी तोंडं पाठवल्यात." त्यानं मोबाईल जरा लांब धरला. "पर ह्ये काय गं? 'सर परत आले.' कोण सर?"

त्रिशलाचा हात ताटातच थांबला. मग ती उठली, हात धुतले, दोरीवरचा मास्क घेऊन तोंडाला लावला.

"जेव की गं," प्रणिता म्हणाली.

"नको. उद्यापासनं माझा पुरा उपास हाय, आप्पा. शाळेलाबी जात न्हाय."

ती आत गेली आणि कडी लागली. पायगोंडानं बस्तीच्या दिशेनं हात जोडले. त्याचे डोळे भरून आले होते. पोरीच्या उपासाची बातमी तो ग्रुपवर लिहायला लागला. प्रणितानं मोबाईल हिसकावला, तेव्हासुद्धा तो कौतुकानं हसतच होता.