सात कडव्यांच्या कण्या

सुलभाताईंच्या हातून ताक फाटलं, असं कुणी पुण्यात सांगितलं असतं तर लोक हसले असते. पण इथं क्राइस्टचर्चला, शेजारणीच्या स्वयंपाकघरात, ते लागोपाठ दोन रविवार फाटलं होतं.

शेजारीण म्हणजे एल्सी लेमके. वय शहाऐंशी. रिकार्टनच्या त्या गल्लीत ताईंच्या मुलाच्या, गुरुदत्तच्या, घराला लागूनच त्यांचं घर. एल्सीबाईंचे आजोबा जर्मनीहून गलबतानं इकडे आले आणि दलदल उपसून भाजीपाला लावायला लागले. आता त्या घराण्यातले दोघंच उरले होते. एक एल्सीबाई आणि दुसरा त्यांचा थोरला भाऊ अर्न्स्ट. तो एक्याण्णवचा. चार गल्ल्या पलीकडच्या रेस्ट होममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, असायचा. त्याला आता माणसं ओळखू येत नव्हती.

मुलाकडे येऊन सुलभाताईंना तीन वर्षं झाली होती. त्यांना इथं सगळं मिळालं, फक्त कीर्तन मिळालं नाही. गुरुदत्तनं हौसेनं कॅसेटी आणून दिल्या, पण समोर बुवा नसताना मान कुणासाठी डोलवायची? आणि एके सकाळी त्या कपडे वाळत घालत असताना कुंपणापलीकडून पेटीचा सूर आला. एल्सीबाई पायानं भाता मारायची जुनी पेटी वाजवून देवाचं गात होत्या. ताई ओला टॉवेल तसाच खांद्यावर टाकून कुंपणाशी उभ्या राहिल्या. शब्द कळत नव्हते, पण कुणाला आळवणं चाललंय ते कळत होतं. गाणं संपल्यावर त्यांनी तिथूनच हात जोडले. दोघींची ओळख झाली ती अशी.

तर त्या साली, दोन हजार चारच्या जूनमध्ये, अर्न्स्टनं खाणं सोडलं.

"नळीनं घोटभर दूध घेतो, पण चमचा तोंडाशी नेला की ओठ घट्ट मिटतो," एल्सीबाई म्हणाल्या. "तिथल्या मुली बिचाऱ्या गोड बोलून बघतात आणि ताट उचलून नेतात. डॉक्टर म्हणाले, त्याची जायची तयारी झालीय, आता बळजबरी करू नका."

एल्सीबाईंनी कपाटातून एक वही काढली.

"जाऊ दे त्याला, सुला. माझी तक्रार नाही. पण रविवारच्या न्याहारीला आई ग्रुत्से करायची, त्याचा एक घास माझ्या हातून त्याच्या पोटात जाऊ दे. साठ वर्षांत ते कुणी केलेलं नाही. मला येतच नाही."

वही एल्सीबाईंच्या आजीची. अक्षर आपल्या मोडीसारखं, खुद्द जर्मन माणसालाही न लागणारं. चर्चच्या पास्टरांनी भिंग लावून ते वाचलं आणि इंग्रजीत उतरवून दिलं. जवाच्या कण्या ताकात शिजत ठेवाव्यात. आच मंद असावी. सकाळचं भजन म्हणत एकाच दिशेनं ढवळावं. सात कडवी झाली की उतरवावं, झाकावं, मग हात लावू नये.

"अगंबाई!" ताई म्हणाल्या. "ह्या तर आमच्या ताकातल्या कण्या!"

घरी हे ऐकून गुरुदत्त हसला. "आई, अगं तिथं पॉरिज देतातच की त्यांना. वर हीप्स ऑफ शुगर."

"तुझ्या आजीचा साखरभात तुला ऑफिसच्या कँटीनमध्ये चालला असता का रे?"

"नसता," गुरुदत्त म्हणाला, आणि निमूटपणे इंडियन दुकानातून जव घेऊन आला. ताईंनी ते मिक्सरमधून भरड काढले. घरच्या विरजणाचं दही घुसळून ताक केलं.

पहिल्या रविवारी हातानं घात केला. ताक विस्तवावर चढताना दिसलं की मराठी बाईचा हात डाळीच्या पिठाकडे जातोच, कढी फाटू नये म्हणून. मागोमाग मीठ पडलं, चिमूटभर जिरंही पडलं. कण्या सुरेख झाल्या. एल्सीबाईंनी वाटीभर खाल्ल्या आणि चमचा खाली ठेवला.

"फार छान, डियर. पण ही चव तुझ्या आईची आहे. माझ्या आईची नाही."

ताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग ठरलं की वहीबाहेर काही करायचं नाही. ढवळणं ताईंचं आणि भजन एल्सीबाईंचं. पुढच्या रविवारी एल्सीबाईंनी चर्चमध्ये म्हणतात तसं सात कडव्यांचं भजन म्हटलं. पाच मिनिटांत आटोपलं. कण्या कच्च्या, दाताखाली कचकच लागणाऱ्या. त्याच्या पुढच्या रविवारी ताईंनी शेगडीची आच वाढवून पाहिली, तर पाणी एकीकडे, चोथा एकीकडे. चौथ्या रविवारीही तेच.

एल्सीबाई खुर्चीत बसल्या. "वही खोटी असेल," त्या हळूच म्हणाल्या. "नाहीतर मीच विसरले असेन. आणि तो थांबेल असं मला वाटत नाही, सुला. मनगट बघ त्याचं. नुसती काडी झालीय."

ताई फाटलेल्या ताकाकडे बघत राहिल्या. त्यांना देवळातले बुवा आठवले. एकच अभंग बुवा पूर्वरंगात इतका सावकाश घेत, की एकेका अक्षरावर माणसाला आपलं अख्खं आयुष्य दिसावं. आणि शेवटाला तोच अभंग टाळ्यांच्या गजरात पळवत. शब्द तेच, कडवी तेवढीच, पण घड्याळ निराळं.

"एल्सीबाई, तुमची आई ह्याच लयीत म्हणायची का हो?"

"आई म्हणायची कुठे!" एल्सीबाई म्हणाल्या. "पहिल्या महायुद्धात इथं जर्मन शब्द तोंडातून काढायची चोरी झाली होती. शेजारी कान देऊन असायचे. आई तेव्हापासून ओठ मिटून गुणगुणायची. युद्ध संपलं, पण तिचे ओठ मिटले ते मिटलेच. मी त्या भजनाचे जर्मन शब्द कधी ऐकलेच नाहीत. चर्चमध्ये शिकले ते इंग्रजीतले."

"तसं करून दाखवा. ओठ मिटून."

एल्सीबाईंनी डोळे मिटले. घशातून सूर निघाला. तो खाली खाली जात राहिला, थांबला, श्वास घेतला, पुन्हा निघाला. एक कडवं संपायला चार मिनिटं लागली. ताईंची बोटं मांडीवर आपोआप पडू लागली होती. असं जड, ठाय चालणारं त्यांनी त्या देशात पहिल्यांदाच ऐकलं.

त्यांनी उठून नवं ताक चढवलं. आच अगदी बारीक केली. सात कडवी झाली तेव्हा खिडकीतलं ऊन टेबलाच्या एका पायाकडून दुसऱ्याकडे सरकलं होतं. पातेल्यात ताक फाटलं नव्हतं. कण्या फुलून, एकजीव होऊन, सायीसारख्या झाल्या होत्या. एल्सीबाईंनी बोटभर चाटून पाहिलं, "हीच," म्हणाल्या आणि टॉवेल आणायला वळल्या.

भांडं टॉवेलात गुंडाळून, वर ओतायच्या गोड सिरपची बाटली घेऊन गुरुदत्तनं दोघींना गाडीनं रेस्ट होमला सोडलं.

अर्न्स्ट उशांना टेकून बसला होता. एल्सीबाईंनी चमचा भरला, फुंकला, त्याच्या ओठांशी नेला.

ओठ घट्ट मिटले.

"अर्न्स्ट, आईची ग्रुत्से. बघ तरी."

त्यानं पाहिलं नाही. पलंगाच्या पायथ्याशी जेवणाचा तक्ता लटकत होता. त्यावर रोज तेच लिहिलेलं होतं. खाण्यास नकार, तोंड उघडत नाही. एल्सीबाईंनी चमचा मागे घेतला.

पण ताईंची नजर पांघरुणावर होती. म्हाताऱ्याचं एक बोट हलत होतं. पडत होतं, थांबत होतं, पुन्हा पडत होतं. आयुष्यभर कीर्तनात पहिल्या ओळीत बसलेल्या बाईला ते बोट कळायला वेळ लागला नाही. त्यांनी वाकून कान त्याच्या गळ्याजवळ नेला. आत बारीक गुणगुण चालली होती.

"एल्सीबाई," त्या कुजबुजल्या, "आई वाढायच्या आधी काय करायची?"

"काय करणार? हातात डाव घेऊन उभी राहायची. एक कडवं व्हायचं. तोवर आम्ही ओठ मिटून..." एल्सीबाई तिथंच थांबल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला. "देवा! तो नाही म्हणत नव्हता. तो प्रार्थना करत होता. आणि आम्ही रोज त्याच्या पुढ्यातून ताट उचललं."

"आत्ता नका रडू," ताई म्हणाल्या. "सूर द्या त्याला."

एल्सीबाईंनी ओठ मिटले आणि भावाच्या बोटाबरोबर निघाल्या. बाहेर ट्रॉली खडखडत गेली. एक मुलगी दारात आली, "ऑल गुड?" म्हणाली, आणि ताईंनी ओठांवर बोट ठेवताच तिथंच उभी राहिली. ताईंना त्या भजनातलं अक्षर येत नव्हतं. त्यांनी हात जोडले आणि मनात विठ्ठल विठ्ठल ठेवलं, त्याच लयीत.

कडवं संपलं. बोट थांबलं.

अर्न्स्टनं तोंड उघडलं.

त्यानं चार घास खाल्ले. बहिणीला ओळखलं नाही. पाचव्याला मान वळवली आणि खरखरीत आवाजात एकच शब्द बोलला, "सिरप."

"हावरट," एल्सीबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत असताना बाटलीचं बूच काढलं.

तो त्यानंतर एकोणीस दिवस जगला आणि एकोणीस दिवस जेवला.

पण त्या सकाळी निघण्याआधी एल्सीबाईंनी दारातल्या मुलीकडून पेन मागून घेतलं. तक्त्यावरची नकाराची ओळ खोडली आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं: 'जेवणाआधी एक कडवं. थांबा.' पेन परत देणार तोच ताईंनी त्यांचा हात धरला.

"अजून एक शब्द घाला," त्या म्हणाल्या. "सावकाश."