शाल

१९९७च्या पंधरा ऑगस्टला पाचूबंदरच्या तरुण मंडळाने गावातल्या दोन म्हाताऱ्यांचा सत्कार ठरवला. प्लासिड आणि व्हिन्सेंट. सेहेचाळीस साली मुंबईत खलाशांनी बंड केलं, तेव्हा दोघेही इंग्रजांच्या नौदलात होते. मंडळाला एवढंच ठाऊक होतं.

मरियामातेच्या सणाची चर्चमधली मिस्सा आटोपून लोक धक्क्यावर जमले. झेंडावंदन झालं. प्लासिडला शाल मिळाली. व्हिन्सेंटचं नाव पुकारलं, तसा प्लासिड आडवा आला.

"याला नको. किडक्या डाळीवरून आम्ही उठलो, जहाजावरचा इंग्रजांचा झेंडा उतरवला. तवा हा गोऱ्या साहेबापुढं उभा राहून आमची नावं सांगत होता. पैलं माझं."

मंडळाचा अध्यक्ष निकोलस धावला. "प्लासिडकाका, आजच्या दिवशी नको."

"आजच!"

व्हिन्सेंट खुर्चीतून हललाही नाही. "सांगितली नावं. बाप दर्यात बुडालेला, घरात तीन बहिनी. आनि तुझ्या देशानं काय केलं रे? गोऱ्यांनी तुला हाकललं, ते ठीक. सत्तेचाळीसनंतर तरी कोनी परत घेतलं का? मला ठेवलं. याच तिरंग्याला मी वीस वर्षं सलाम ठोकला."

ते खरंच होतं. स्वातंत्र्य मिळाल्यावर प्लासिड मोठ्या आशेने मुंबईला गेला होता, त्याला नौदलाच्या फाटकावरूनच परत पाठवलं होतं. त्याने व्हिन्सेंटची कॉलर धरली.

पोरांनी त्याला ओढून बाजूला केलं. "सणासुदीला कसला तमाशा!" बाया ओरडल्या. व्हिन्सेंटला शाल घातली, तेव्हा टाळ्या जरा जास्तच वाजल्या.

संध्याकाळी व्हिन्सेंटच्या मुलाचा निरोप आला. प्लासिडचा मुलगा त्याच्याच बोटीवर खलाशी होता. नारळी पौर्णिमेनंतर बोटी सुटणार होत्या. या हंगामात त्याने येऊ नये.

"पन्नास वर्षं झाली, बाबा," सून पॉलिन म्हणाली. "रविवारी माफी मागा. आम्ही काय खायचं?"

"दुसरी बोट बघा."

मुलगा उठून बाहेर गेला. त्या दिवसापासून तो बापाशी बोलायचाच थांबला.

रविवारी देवळात व्हिन्सेंट नेमका पुढच्या बाकावर होता. फादर म्हणाले, हात मिळवून एकमेकांना शांती द्या. व्हिन्सेंट मागे वळला, त्याने हात पुढे केला. आजूबाजूची माणसं बघत राहिली. पॉलिनने सासऱ्याला कोपराने ढोसलं.

प्लासिडने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"नाही," तो मोठ्याने म्हणाला.

व्हिन्सेंटने खांदे उडवले आणि शेजारच्याशी हात मिळवला. पॉलिन उठली, आपल्या लहान पोराला घेऊन पलीकडच्या बाकावर जाऊन बसली.