पटक्याला बांधलेली वहाण

यमाजीआबानं ऐन पुरात, खांद्यावर एडका घेऊन घोड नदी पार केली होती. मधोमध सुसर आडवी आली, तर त्यानं एडक्याची अशी काही टक्कर तिला देवविली की ती रडत रडत शिरूरकडं निघून गेली. पारगावच्या शिवारात हे ज्याला ठाऊक नव्हतं असा माणूस नव्हता. खरं काय ते ठाऊक असलेला मात्र एकच होता, खुद्द आबा. त्याला पोहता येत नव्हतं. गुडघ्याच्या वर पाणी आलं की तो माघारी फिरायचा.

त्यामुळं सत्त्याण्णव सालच्या मे महिन्यात गावानं पोरांना पोहणं शिकवायचं काम त्याच्याच गळ्यात घातलं, तेव्हा नाही म्हणायची सोय उरली नव्हती. हौशीरामच्या पायऱ्यांच्या विहिरीत तीन परस, म्हणजे तीन माणसं एकावर एक बुडतील एवढं पाणी. पोरं पाठीला तेलाचे रिकामे कॅन बांधून उड्या टाकायची आणि आबा लाल पटका बांधून कठड्यावरून हुकूम सोडायचा.

पण शिकवायचा झकास. काठावर जन्म काढलेल्या माणसाला जे दिसतं ते पोहणाऱ्याला दिसत नाही. एकाला काढायला दुसरा उतरला आणि दोघंही गेले, असं त्यानं दोनदा पाहिलं होतं. म्हणून रोज तेच घोकून घ्यायचा. बुडणाऱ्याला हात द्यायचा न्हाई, वस्तू द्यायची. त्यानं गळ्याला मिठी मारलीच तर झगडायचं न्हाई, उलट आपणच खाली बुडी मारायची. त्याला वर जायचं असतं, तो आपसूक सोडतो. आणि दोर कायम काठावर पाहिजे.

त्या दिवशी दोर काठावर नव्हता. मेंढरांचं कुंपण बांधायला आबानंच तो सकाळी नेला होता आणि रानातच विसरला होता.

दहा वर्षांच्या सूरजनं पाठीचा कॅन सोडला. "आबा, बघा, बिनकॅनचा!" म्हणत कठड्यावरून उडी टाकली. वर आला तो डोळे मोठे आणि तोंड पाण्याखाली. ओरडला नाही. बुडणारा ओरडत नाही, हेही आबानंच शिकवलं होतं.

कुणी काही बोलायच्या आत चौदा वर्षांच्या आदेशनं उडी मारली. धडा विसरला. समोरून गेला, हात दिला. सूरजनं त्याच्या गळ्याला मिठी घातली आणि दोन डोकी एकदम खाली गेली.

मोटारीच्या खोलीजवळ धुणं धूत बसलेली सूरजची आई, सुंदरा, धावत आली. "आबा, उडी मारा! अवं, घोड नदी पवलाय तुमी! मारा की!"

आबाचे पाय दगडाला चिकटले. एक क्षण त्याला खरंच वाटलं, मारावी. नाही मारली तर आख्खा जन्म खोटा. मारली तर विहिरीत तीन मढी. शेजारी, शिकायला येणाऱ्या पोरांतली अक्षदा ओढणी टाकून उडीसाठी वाकलेली. आबानं तिचा दंड पकडला.

"कुणी बी उतरायचं न्हाई!"

दोन डोकी पुन्हा वर आली. आदेशचा चेहरा काळानिळा पडला होता.

"आदेश, बुड!" आबा ओरडला. "खाली जा! बुड!"

सुंदरानं त्याच्या पाठीत गुद्दा घातला. "मेल्या, बुड म्हणतूस? पोरं चालली की रं!"

आदेशनं वर पाहिलं. कसाबसा श्वास घेतला आणि दगडासारखा खाली गेला. सूरजची मिठी सुटली. तो एकटाच हातपाय झाडत राहिला. आदेश दिसेना.

आबाचे हात तोवर डोक्याशी गेले होते. त्याच्या भावकीत चारचौघांत पटका उतरायचा तो घरात मयत झाल्यावरच. वीस हात लाल कापड सळसळत पायाशी पडलं. पहिली फेक पायऱ्यांवरच लोळली. कापड हलकं, लांब जाईना. वजन पाहिजे होतं. आबानं पायातली नाल मारलेली वहाण काढली आणि डोक्यावर मिरवायच्या पटक्याच्या टोकाला करकचून बांधली.

"माझं पाय धर," अक्षदाला सांगून तो पायऱ्या उतरून पाण्यालगतच्या पायरीवर पालथा पडला. वहाण गरगरा फिरवून सूरजच्या पार पलीकडं फेकली, म्हणजे ओढताना कापड त्याच्या हाताला लागेल. सूरजची बोटं लागली, घसरली, पुन्हा लागली आणि मिटली. आबा ओढत होता, पण त्याची नजर मागच्या पाण्यावर होती. तिथं काहीच हलत नव्हतं.

सूरज पायरीला लागला. पाणी तसंच.

मग समोरच्या भिंतीशी, कपारीला धरून, आदेशचं डोकं वर आलं. खोकत आणि शिव्या देत.

सूरजला कुशीवर निजवलं. सगळ्यांचे श्वास जागेवर आल्यावर सुंदरानं डोळे पुसले. "समदं खरं आबा. पण तुमी उडी का न्हाई मारली?"

पोरं सरसावून बसली. आता सुसर येणार, ही खात्री. आबाच्या जिभेवर ती आलीच होती, शेपटी आपटत. त्यानं ओल्या पटक्याला लोंबणाऱ्या वहाणेकडं पाहिलं.

"मला पवता येत न्हाई."

विहीर हसण्यानं दणाणली. "ही थाप तर सुसरीच्या वरताण राव!" आदेश म्हणाला.

फक्त अक्षदा हसली नाही. ते पाय कसे लटपटत होते ते तिच्या हातांना माहीत होतं. तिनं सूरजचा कॅन उचलला.

"आबा, पाठ करा इकडं."

"आज नगं. उद्याच्याला."

"दोर बी आणा मग."

दुसऱ्या दिवशी आबा दोर घेऊन आला. बोडक्यानंच, पटका अजून वाळत होता म्हणे. पाठीला कॅन बांधून पाण्यातल्या चौथ्या पायरीवर उतरला तेव्हा पाणी बेंबीला लागलं आणि भर मे महिन्यात त्याचे दात वाजायला लागले.

"सुसर-बिसर दिसती का गं?"

"न्हाई," अक्षदा म्हणाली. "ती शिरूरला गेलीया."