हातशिलाईच्या वेळचं पुस्तक

“एवढं जाडजूड पुस्तक, आणि अजून एक मुडदा पडत नाही,” आई काज करता करता माझ्या कानाशी कुरकुरली.

दुपारी आमच्या शिवणाच्या दुकानात मशिनं बंद असतात. आई काजं करते, ताई हातशिलाई करते, आणि मला बटणही धड लावता येत नाही म्हणून मी मोठ्याने वाचते. हे पुस्तक एका गिऱ्हाइकाने मापाच्या कपड्यांच्या पिशवीत विसरलेलं. त्यातला नवरा बायकोच्या वस्तू लपवतो आणि वर मायेने म्हणतो, अगं, तू फार विसरायला लागलीस.

हे कळलं तेव्हाच मी पुस्तक मिटणार होते. ताई म्हणाली, “वाच की. थांबलीस का?”

थांबले, कारण ताईचंही हल्ली तसंच चाललं होतं. चष्मा हरवतो, किल्ल्या हरवतात, गॅस चालू राहतो. भावोजी काळजीने अर्धे झालेले, स्वतः स्कूटरवरून तिला दुकानात सोडायचे. आता तर उद्यापासून तिने दुकानात यायचं नाही, घरीच राहायचं आणि घराची किल्ली भावोजींकडे, असं त्यांनी ठरवलं होतं. “जावईबापू जपतात हो तिला,” आई म्हणायची. मीही मान हलवायचे.

दुकानातल्या सुया मात्र ताईच्या ताब्यात. मागे एका गिऱ्हाइकाच्या बाहीत सुई राहिली होती. तेव्हापासून संध्याकाळी प्रत्येकीने आपली सुई ताईच्या हातात द्यायची, मगच कुलूप. तिच्या हातून आजवर एक सुई हरवली नाही. हे आम्हाला दिसत होतं. दिसलं, की आम्ही चहा टाकायचो.

आज शेवटचं प्रकरण. बायकोला तिचा चष्मा नवऱ्याच्या कपाटात सापडतो. “अगं बाई!” म्हणत आईने बोटात सुई टोचून घेतली. ताईचा टाका काही चुकला नाही.

“संपलं?” तिने विचारलं.

“तुला काहीच वाटलं नाही?”

“काय वाटायचंय? लिहिणाऱ्याला अक्कल नाही. कपाट बायकोच आवरते ना? स्कूटरच्या डिकीत ठेवायचा. तिथे कोण बघतं?”

भाजी महागली हे सांगावं, तशा आवाजात. मग तिने दाताने दोरा तोडला.

मी चहा टाकायला उठले.

“बस खाली,” आई म्हणाली.

ताईने घडी घातली, ओढणीवरचे दोरे झटकले आणि सवयीने हात पुढे केला. मला द्यायला सुई नव्हतीच. आईने आपली मुठीत धरून ठेवली.

“आई, सुई.”

“उद्या घे.”

“उद्या मी कुठे येणारे?”

आईच्या बोटावर रक्ताचा ठिपका आला होता. तो तिने पुसलाही नाही.

“तू विसरत नाहीस, बाळा,” ती म्हणाली. “तो माणूस लपवतो.”