पिकलेल्या देठाचा कसावा

कॉफीच्या मळ्यातून दुपारी घरी आलो, तर आमची डुकरीण कुंपणाशी आडवी पडून पाय झाडत होती. तोंडाला फेस. पुढ्यात कसाव्याच्या कंदांच्या सालींचा ढीग, अर्धा खाल्लेला, अर्धा तुडवलेला. डुकरीण म्हणजे आमच्याकडं घरातलं माणूसच, पण मी तिच्याकडं दुसऱ्यांदा बघितलंसुद्धा नाही. सालींकडंच बघत राहिलो. बाजूला पाला टाकलेला होता, त्याचे देठ लालभडक.



"बाऽ!" म्हणून ओरडलो. बा दाराशी बसला होता, दोन्ही हातांनी डोकं धरून.

"ओरडू नको रे. डोकं आधीच फुटतंय."

"काय खाल्लंस?"

"जेवलो. तुला ठेवलं नाही म्हणून रागावलास होय?" आणि तिथंच बाजूला वळून भडाभडा ओकला.

आता हे कसं झालं ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कॉफीत भुंगेरा शिरला, फळ आतून पोकळ व्हायला लागलं, तेव्हा आमच्या डोंगरावर शेतीशाळा सुरू झाली. शिकवायला केरोलीबाई यायच्या, चिखलाचे बूट घालून, आवाज ढोलासारखा. म्हणायच्या, "एका झाडाच्या जिवावर संसार करणारा माणूस मला दाखवा, मी त्याच्या बायकोचं आधीच सांत्वन करून येते." माणसं हसायची. मग त्या मधमाशा शिकवायच्या, माशांचं तळं शिकवायच्या, आणि कसावा. कसाव्याच्या दोन जाती दिल्या. हिरव्या देठाची उकडून खायची. लाल देठाची भरघोस येते, पण कडू. जहर असतं तिच्यात. ती किसायची, भिजवायची, पिळायची, वाळवायची, मग पीठ. तशीच उकडून खाल्ली की माणूस गेलाच म्हणून समजा. हे बाईंनी बजावून सांगितलं होतं, आणि माझी बायको वेमिन पहिल्या रांगेत बसून ऐकत होती.

पण वेमिनला एक अडचण होती. माझ्या बापाचं नाव मोंगे, आणि आमच्या बोलीत मोंगे म्हणजे लाल. सासऱ्याचं नाव सुनेच्या तोंडात यायचं नाही. आमच्या खोऱ्यात तर नुसतं नाव नाही, त्याचा अर्थसुद्धा यायचा नाही, अगदी बाजाराच्या भाषेतला लालसुद्धा नाही. जिनं घेतलं तिची पोरं सुकतात, अंगावरचं मांस उतरतं, असं सगळे मानतात. मीही मानायचो. एक बाई मी स्वतः बघितली आहे, तिचं पोर... जाऊ दे.

म्हणून वेमिन लालला 'पिकलेलं' म्हणायची. मिरची पिकलेली, संध्याकाळचं आभाळ पिकलेलं. बोट कापलं तर म्हणायची, "पिकलं पाणी आलं." आम्ही घरातले चेष्टा करायचो, पण कळायचं आम्हाला.

त्या दिवशी वेमिन तळ्याचं शिकायला गेली, म्हणून तिची नीमे मावशी घर बघायला आली. पलीकडच्या डोंगरावरची. जाताना वेमिन तिला सांगून गेली, "मावशी, पिकलेला कसावा उकडू नको हां. तो पिठाचा आहे."

मावशीनं ऐकलं. शहाणी बाई. जून झालेले कंद सोडले आणि कोवळे कोवळे बघून काढले. ज्या झाडाचे मिळाले त्या झाडाचे.

"मावशी कुठाय?" मी बाला विचारलं.

"गेली तिच्या घरी. एल्माला घेऊन गेली."

एल्मा म्हणजे माझी लेक. तेव्हा मावशीच्या कमरेला लागायची.

"एल्मा जेवली का इथं?"

"मावशी म्हणाली, तिकडं गेल्यावर सगळे मिळून खाऊ. पिशवी भरून कंद नेलेत." बा परत ओकला. त्याचे ओठ काळेनिळे पडले होते.

तेवढ्यात वेमिन आली. आधी डुकरीण बघितली, मग साली, मग सासऱ्याला. मी तोंड उघडायच्या आत तिला सगळं समजलं. डोक्यावरची जाळीची पिशवी घसरून खाली पडली, ती तिनं उचलली नाही.

"एल्मा?"

मी पलीकडच्या डोंगराकडं हात केला. मावशीच्या घरातून धूर निघत होता, सरळ वर. चूल पेटली होती.

चालत जायचं म्हणजे खाली नदीपर्यंत उतरा, वर चढा, पोचेपर्यंत संध्याकाळ. भांडं काही संध्याकाळपर्यंत थांबत नाही.

"तुम्ही यांना दवाखान्यात न्या," ती म्हणाली. "मी हाक मारते."

आमच्याकडं डोंगरावरून डोंगरावर हाक जाते. लग्नं ठरतात, भांडणं होतात, सगळं ओरडून. मी बाला पाठीवर घेतलं आणि घळीच्या वाटेनं निघालो. म्हातारा हलका होता. इतका हलका असेल असं वाटलं नव्हतं, त्याचीही भीती वाटली. माझ्या मानेवर त्याचा श्वास लागायचा, थांबायचा, परत लागायचा. थांबला की मी पाय थांबवायचो.

वरून वेमिनची हाक आली. "होऽऽऽ नीमे मावशीऽऽ! पिकलेला कसावा खाऊ नकाऽऽ!"

जरा वेळानं पलीकडून मावशीचा आवाज आला, मजेतला. "नाही गं पोरीऽऽ! सगळे कोवळेच आणलेतऽऽ! काळजी करू नकोऽऽ!"

"कोवळे नाहीऽऽ! पिकलेलेऽऽ! सगळं ओतून देऽऽ!"

"तेच म्हणते मीऽऽ! पिकलेला एकही नाहीऽऽ! मग ओतू कशालाऽऽ! काय मऊ शिजतोय बघऽऽ!"

मी उभा राहिलो. मीच ओरडायचं म्हणून तोंड उघडलं, पण घळीतून आवाज वर चढत नाही. झाडांत नुसता घुमतो. परत वर धावायचं तर पाठीवर बा. पुढं जावं की मागं, ठरेना.

वर सगळं गप्प झालं होतं.

गप्प म्हणजे कसं, मला वेमिन दिसत नव्हती तरी दिसत होती. ती कड्यावर उभी आहे, समोर धूर निघतोय. नाव घेतलं तर पोर सुकेल. नाही घेतलं तर पोर खाईल. 'देवा, हिला बोलू दे,' असं मी म्हणालो, आणि लगेच वाटलं, हे मी काय मागितलं?

मग ती ओरडली.

"मोंगेऽऽऽ!"

असला आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. अख्ख्या खोऱ्यानं ऐकला असणार.

"मोंगे देठाचाऽऽ! लाल, मावशी, लालऽऽ! जहर आहेऽऽ! एल्माला देऊ नकाऽऽ! मोंगेऽऽ!"

पाठीवर बा हलला. "कोण बोलावतंय मला?"

"कोणी नाही. गप पड."

"बाईचा आवाज आहे. कोणाची बाई इतकी धीट?"

मी पलीकडं कान लावून होतो. उत्तर येईना. नदी वाजत होती, बाकी काही नाही. मावशीनं ऐकलं नाही का? की ऐकलं, पण उशीर झाला? माझ्या डोळ्यांपुढं डुकरिणीचे पाय आले आणि ते जाईनात.

मग मावशी ओरडली. आवाज पार फाटलेला. "ओतलंऽऽ! सगळं ओतलं गं बाईऽऽ! हंडा उलटा केलाऽऽ!"

"एल्मानं खाल्लंऽऽ?"

"नाहीऽऽ! फुंकत होतीऽऽ! घास हातात होता, मी फटका मारून पाडलाऽऽ! रडतेय बघऽऽ!"

खरंच, कान लावला तर बारीकसं रडणं ऐकू येत होतं. मी तिथंच वाटेवर बसलो. बा म्हणाला, "आता मला मारायचा विचार आहे का?" तेव्हा उठलो.

दवाखान्यातल्या भाऊंनी त्याला साखरमिठाचं पाणी पाजलं, कुशीवर निजवलं. म्हणाले, दात नाहीत म्हणून थोडंच खाल्लंय, ओकून पडलंय, बघू. त्या 'बघू'त सगळी दुपार गेली. उन्हं कलली तेव्हा श्वास सरळ झाला आणि त्यानं शिवी दिली. मग मी बाहेर आलो.

वेमिन भिंतीला टेकून बसली होती. मावशी एल्माला पाठुंगळी घेऊन नदी उतरून आली होती, आणि वेमिननं पोरीला मांडीत घट्ट धरलं होतं. तिचे दंड चाचपत होती, पोटऱ्या चाचपत होती. मांस आहे का, उतरतंय का, ते बघत होती.

"आई, दुखतंय," एल्मा म्हणाली.

बा भिंत धरत धरत बाहेर आला. सुनेकडं पाठ करून बसला, आमच्याकडं तसंच बसतात. वेमिननं मान खाली घातली. मावशी तोंडात पदर कोंबून रडत होती. "मी कोवळे बघून घेतले हो, जावई. मी कोवळे बघून घेतले."

बा नातीला म्हणाला, "तुझ्या आईला विचार, उद्या मावशी परत उकडायला बसली तर तिला काय सांगायचं?"

एल्मानं आईकडं बघितलं.

"विचार."

"पि..." वेमिन म्हणाली आणि थांबली.

"ते कळत नाही लोकांना. मी मरायला टेकलो होतो तरी मला ऐकू आलं, मग आता का लाजायचं? सुकायची असती तर पोरगी तेव्हाच सुकली असती. बघ कशी घोडी झालीय. सांग म्हणावं, मी सांगतोय म्हणून."

मावशीचं रडणंही थांबलं. मला वाटलं वेमिन उठून जाणार. लेकीचे दंड अजून तिच्या मुठीत होते, आणि तिचं तोंड इतकं उतरलेलं की मला नजर काढून घ्यावीशी वाटली. मग मातीकडं बघत, जेमतेम ऐकू येईल असं ती म्हणाली, "लाल."

बानं तोंड न वळवताच हाकेला ओ दिली.

"ओ. काय काम आहे?"